दोन तास थांबायचं की नाही

नसीमताई, भांडण अर्धवट टाकून उठून जायची तुझी सवय जुनीच. जेवणाच्या सुट्टीत वाद रंगात यायचा, मी बोट उगारून शेवटचा मुद्दा मांडणार, एवढ्यात तू डबा बंद करायचीस आणि म्हणायचीस, "मंजे, उरलेलं उद्या." दुसऱ्या दिवशी खरंच ते उरलेलं बाहेर काढायचीस, शिळ्या भाकरीचा कुस्करा करावा तसं, तिखटमीठ लावून. या वेळी मात्र तू हद्द केलीस. आपलं सगळ्यात जुनं भांडण, दोन तास थांबायचं की नाही, हे तू तसंच टाकून गेलीस. आता उरलेलं मला एकटीला संपवायचंय. तू उत्तर देणार नाहीस याचा फायदा घेऊन मी जिंकेन असं समजू नकोस. मी हरण्याच्या बेतात आहे आणि तेच सांगायला बसलेय.

मी पुण्याहून नोएडाला आले तेव्हा आपलं ऑफिस म्हणजे तळमजल्यावरची एक खोली, दारात जनरेटर आणि आत टेबलांची दाटी. लोकांचे कंप्युटर एकमेकांना जोडून द्यायचे आणि जोडलेले तुटले की धावत जायचं, हा आपला धंदा. देशात सगळं नुकतंच खुलं झालं होतं. ज्याला त्याला कंप्युटर हवा होता, कशाला हवा ते मागाहून ठरायचं. तू सरकारी खात्यातली पक्की नोकरी सोडून, चाळिशीत, त्या खोलीत आली होतीस आणि तुझ्या सगळ्या नातेवाइकांनी तुला वेड्यात काढलं होतं. पहिल्या दिवशी मी "मॅडम, तुम्ही" म्हणाले तर तू चक्क हात जोडलेस. "ताई म्हण आणि अगं म्हण. अहो-जाहो ऐकलं की मला सासर आठवतं."

दिल्लीकरांची तुझ्या बाबतीत मोठी फसगत व्हायची. नाव नसीम मुलाणी, तेव्हा ही बाई आता नजाकतदार उर्दू बोलणार म्हणून ते कान टवकारून बसायचे, आणि तू तोंड उघडलंस की कऱ्हाडचा बाजार भरायचा. "मैं क्या बोली तुमकू? तार नक्को निकालो!" बिचारे माझ्याकडे बघायचे. मी त्याचं हिंदीत भाषांतर करायचे, आणि माझं हिंदी पुण्याचं, म्हणजे तेही ऐकवत नसे. त्या दोन हिंद्यांवर आपण अर्ध्या दिल्लीची कामं केली.

करोल बागेतले लालाजी आठवतात ना? विसरशील कशी म्हणा. मोटारींच्या सुट्या भागांचे ठोक व्यापारी, दुकान करोल बागेत, गोदाम नोएडाला. बिलं करायचं मोठं मशीन गोदामात, आणि दुकानातले काउंटर भाड्याच्या टेलिफोन लाइनवरून त्याला जोडलेले. एका वेळी ठरावीक माणसांनीच आत यायचं, अशी त्या बिलांच्या प्रोग्रॅमची अट. सकाळी सगळं सुरळीत. दुपारच्या जेवणानंतर मात्र एक-दोन काउंटर सुरू झाले की मशीन म्हणायचं, जागा भरल्या. दुकानात माणसं बोटांवर मोजण्याइतकी, आणि मशीनच्या मते आत गर्दी झालेली. लालाजींनी काउंटरला लिंबू-मिरची बांधली. "मॅडमजी, कोई तो बैठा है अंदर, जो हमें दिखता नहीं।"

लालाजी म्हणत होते ते खोटं नव्हतंच. टेलिफोनवरचा माणूस निरोप घेऊन फोन ठेवतो तेव्हा पलीकडच्याला कळतं की बोलणं संपलं. मधेच तार तुटली तर? पलीकडचा बिचारा रिसीव्हर कानाला लावून बसून राहतो. ते मशीन तसंच बसून राहायचं, गेलेल्या माणसांच्या जागा राखत. तशा बसण्यावर उपाय मशीनमध्येच असतो. बराच वेळ पलीकडून काही आलं नाही की आपणच एक रिकामी हाक मारायची, आहेस का? पलीकडे कुणी असलं तर आपोआप ओ येते. त्या हाकेत काम नाही, निरोप नाही, नुसती हाक. तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: किती वेळ गप्प राहिल्यावर पहिली हाक मारायची, दोन हाकांत किती अंतर ठेवायचं, आणि किती हाका वाया गेल्या म्हणजे सोडून द्यायचं. न ठरवल्यास मशीनची मूळची सवय पहिल्या हाकेआधी दोन तास थांबायची. लालाजींकडे जेवण आणि वामकुक्षी मिळून तासाभरात उरकायचं, आणि तेव्हा मशीन अजून जुन्याच जागा धरून बसलेलं असायचं.

मी म्हटलं, वेळ कमी करू, मिटला प्रश्न. तू म्हणालीस, "आधी रोज जेवणानंतरच लाइन का मरते ते बघू." मी टेलिफोनवाल्यांच्या नावानं बोटं मोडत होते. तू दुसऱ्या दिवशी भर दुपारी करोल बागेत जाऊन काउंटरशेजारी स्टूल टाकून बसलीस, मलाही बसवलंस, छोले-कुलचे मागवलेस. लालाजी जेवायला उठले. उठता उठता त्यांनी मोडेमचं, म्हणजे काउंटर टेलिफोन लाइनला जोडणाऱ्या डबीचं, बटण बंद केलं, बाजूच्या बादलीत फडकं बुडवलं, पिळलं, आणि मायेनं त्याच्यावर पसरलं.

"लालाजी, ये क्या करते जी?"

"ओ जी, सवेर से लगी हुई है बेचारी। गरम हो जाती है। मैंने कहा, घंटा भर आराम कर ले।"

तुझा घास हातातच राहिला. मला वाटलं आता तू त्यांना झापणार. तू हसली नाहीस, रागावलीही नाहीस. कपाळाला हात लावून म्हणालीस, "लालाजी, तुम इसकू सुलाते, और उधर नोएडावाली इसकी राह देखते बैठती!" लालाजींना ते इतकं लागलं की त्यांनी ताबडतोब फडकं काढलं आणि मोडेमसाठी एक छोटा टेबलफॅन आणवला. गाडीत बसल्यावर मात्र तू जी हसायला लागलीस ती पंचकुइयाँ रोड संपेपर्यंत. ड्रायव्हरनं आरशातून दोनदा बघितलं.

पण खरं भांडण त्यानंतर सुरू झालं. फॅन आला तरी वेळ कमी करायला हवाच, असं माझं म्हणणं, आणि एका शनिवारी मी तो करून टाकला. मिनिटभर कुणी गप्प बसलं की हाक, लागोपाठ दोन-चार हाका, ओ नाही आली की चल, नीघ. मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं. मग मे महिन्यात दिल्लीत येते तशी आंधी आली. आकाश पिवळं झालं, करोल बागेतले सगळे फलक खडखडले, लाइन काही मिनिटं गेली आणि परत आली. तेवढ्यात माझ्या सेटिंगनं सगळे काउंटर बाहेर काढले होते आणि गिऱ्हाइकं समोर उभी असताना अर्धी झालेली बिलं पुसली गेली होती. लाइन परत आली होती, ताई. नुसतं थांबलं असतं तर कुणाला काही कळलंही नसतं.

"बघितलंस?" तू म्हणालीस. "गप्प बसलेलं माणूस मेलेलं नसतं. मशीन करणाऱ्यानं दोन तास ठेवलेत ते काय वेड लागलं म्हणून? माझ्या घरी ये. आमचे हे ऑफिसातून आले की दोन-दोन तास शब्द नाही. म्हणून काय मी सोडून देऊ? त्या मशीनवाल्याच्या घरीही असंच कुणीतरी असणार."

अन्वरभाई खरंच तसे. दिल्लीतल्याच एका मंत्रालयात हिशेबाच्या खात्यात, सरोजिनी नगरच्या क्वार्टरात राहायचे तेव्हापासून मी त्यांना बघतेय. दार उघडून "या" म्हणायचे आणि निघताना "या" म्हणायचे, त्या दोन 'या'च्या मधे काही नाही. मी म्हटलं, "तुझा नवरा अपवाद आहे, त्याच्यावरून नियम करू नकोस." तू म्हणालीस, "माझा नवरा नियम आहे, तू अपवाद आहेस." शेवटी तू लालाजींच्या मशीनमध्ये मधलाच एक आकडा टाकलास, दोघींनाही न पटलेला, आणि तो वर्षानुवर्षं उत्तम चालला. भांडण मात्र तसंच राहिलं. उरलेलं उद्या.

पुढे तुम्ही नोएडात सोसायटीत फ्लॅट घेतला, मी गुडगावला राहायला गेले. सरसोंच्या शेतात एकटा उभा टॉवर, खाली म्हशी, पाण्याला टँकर. तिथल्या माझ्या पहिल्या आठवड्यात, सकाळी चहाच्या वेळी फोन वाजला.

"आहेस का?"

"आहे. अगं ताई, काय झालं?"

"बरं." आणि फोन बंद.

मी उलटा फोन केला तर म्हणालीस, "बोलायचं असेल तेव्हा बोलू की. हा फोन बोलायचा नाही." दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. पाऊस असो, ईद असो, तुझी मुलगी सना पुण्याला कॉलेजात गेली तो दिवस असो, माझं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा. माझ्या नवऱ्याला वाटलं, ही कुठली संघटना आहे! मी तुला किती छळलं त्यावरून. "ऑफिसात शिकवतेस दोन तास गप्प बसा, आणि मला रोज सकाळी हाक? कुठे गेली तुझी दोन तासांची थोरवी?" तू हसायचीस. "सांगीन. उरलेलं उद्या." इतक्या वर्षांत ते एक उत्तर तू दिलं नाहीस.

त्या सकाळी फोन आला नाही. मी चहा प्यायले, घड्याळ बघितलं आणि मनाशी हसत म्हटलं, थांबू या, तुझाच नियम. दोन तास व्हायच्या आत सनाचा फोन आला. तू अंगणवजा बाल्कनीत झाडांना पाणी घालत होतीस म्हणे, आणि बसलीस ती उठलीच नाहीस. संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलंही. मी बायकांमध्ये बसले होते, कुणीतरी माझ्या हातात पाण्याचा पेला दिला, आणि मला एवढंच सुचत होतं की तुला सांगावं, ताई, बघ, किती माणसं आलीत, आणि सगळी किती वाईट हिंदी बोलतायत. मग रडायला आलं ते थांबेना. मला तुझी फार आठवण येते. हे तुला कधी सांगितलं नव्हतं, कारण रोज सकाळी तुझी हाक यायचीच.

आता आजचा खरा प्रश्न. सना अन्वरभाईंना पुण्याला नेणार होती. ते म्हणाले, "नाही." एवढंच. ती आठवड्यानं परत गेली, नोकरी आहे तिची. त्यानंतर मी रोज त्यांना फोन करायला लागले. कसे आहात, जेवलात का, बाई आली का, गोळ्या घेतल्या का, रविवारी येऊ का. ते म्हणायचे, "ठीक." मग "ठीक"ही बंद झालं. मग फोन उचलणंच बंद झालं. सना पुण्याहून रडकुंडीला आली. "मावशी, अब्बा माझाही फोन घेत नाहीत. मोबाइल तर त्यांनी कपाटात ठेवलाय." परवा सकाळी मी घरच्या फोनवर केला, माझ्या कानात घंटी वाजत राहिली. थोड्या वेळानं केला. परत केला. ताई, माझ्या हातून हाका मोजल्या जात होत्या, आणि आपल्या धंद्यात हाका संपल्या म्हणजे काय करतात ते मला माहीत होतं. मशीन सोडून देतं. मी पर्स उचलली आणि मेट्रो पकडली.

वाटेत सगळं वाईटच मनात येत होतं, आणि त्यातच, कशाला कोण जाणे, मधला दरवान आठवला. पुढे पुढे मोठ्या कंपन्यांनी दोन मशीनच्या मधे एक राखणदार मशीन बसवायला सुरुवात केली होती. त्याची तऱ्हाच वेगळी. दोघं बराच वेळ बोलले नाहीत की तो त्यांची ओळखच पुसून टाकायचा, आणि दोघांना पत्ता नाही. दोन्हीकडे सगळे शाबूत, लाइन शाबूत, पण पहिला शब्द बोलायला गेलं की दरवान म्हणायचा, तुम्ही कोण? तिथे तू स्वतः, न भांडता, हाकेची वेळ कमी केली होतीस. मी डोळे वटारले तेव्हा म्हणालीस, "ही हाक मेलं का बघायला नाही, मंजे. ही दरवानानं ओळख ठेवावी म्हणून." तेव्हा मला त्यात फक्त तुझी पळवाट दिसली होती.

तुझ्या सोसायटीच्या गेटवरचा माणूस सगळ्यांना अडवतो, माहीत आहे ना? चार महिन्यांनी येणाऱ्या सख्ख्या भावालाही "किससे मिलना है" विचारतो. मला बघून त्यानं नुसता हात वर केला. "जाइए दीदी, अंकल ऊपर ही हैं। सुबह दूध लेने आए थे।" मी तिथेच त्याच्या खुर्चीवर बसले.

अन्वरभाईंनी दार उघडलं. "या." बैठकीत तुझ्या फोनवर तुझा तो निळा फुलांचा रुमाल पसरलेला होता, आणि तार भिंतीतून काढून नीट गुंडाळून बाजूला ठेवलेली.

"तार काढलीत?"

"सकाळपासून वाजत असतो," ते म्हणाले. "सगळे तेच विचारतात. कसे आहात. आता कसा आहे ते मला तरी कुठे माहीत आहे? म्हटलं, यालाही जरा आराम."

ताई, मी हसायला लागले. तशा घरात, तशा दिवसांत हसू नये, पण आवरेना. मी कसंबसं म्हटलं, "अन्वरभाई, करोल बागेत एक लालाजी होते..." त्यांनी हात वर करून मला थांबवलं. आणि मग, तुला खरं वाटणार नाही, त्यांनी ती गोष्ट मला सांगितली. पूर्ण सांगितली. फडकं, बादली, छोले-कुलचे. तुझ्या आवाजात, तुझ्या त्या भयंकर हिंदीत, "तुम इसकू सुलाते, और उधर नोएडावाली..." इथपर्यंत आले आणि थांबले.

मग ते उठले, रुमाल काढून त्याची घडी घातली आणि तार परत लावली. "तू करत जा," म्हणाले. "पण ते जेवलात का वगैरे नको. ती तुला करायची तसा कर."

तेव्हा कळलं मला तुझं उत्तर. त्यांच्यापाशी तू दोन-दोन तास गप्प बसू शकायचीस, कारण ते समोरच्या खुर्चीत होते. मी यमुनेच्या पलीकडे, दिल्लीच्या दुसऱ्या टोकाला, मधे कितीतरी दरवान. माझं काही झालंय का, हे बघायला तू फोन करतच नव्हतीस; ती हाक दरवानासाठी होती. एवढं सोपं होतं तर सांगायला काय झालं होतं तुला? पण सांगितलं असतंस तर मी त्यावरही वाद घातला असता, हेही खरं.

काल चहाच्या वेळी मी पहिला फोन केला. "आहात का?" पलीकडे खाकरणं ऐकू आलं. "आहे." "बरं," म्हणून मी ठेवला. सनाला कळवलं. तीही आता तसाच करणार आहे, संध्याकाळी.

आज सकाळी माझी ऑफिसात लवकरची मीटिंग होती, परदेशातली मंडळी लाइनवर. चहा राहिला, अन्वरभाईंना करायचा फोनही राहिला, तुझी आठवणही मागे पडली, आणि मोबाइल टेबलावर थरथरायला लागला. नोएडाचा नंबर. मी सगळ्यांची माफी मागून बाहेर आले.

"आहेस का?" अन्वरभाई.

"आहे," म्हटलं.

मी "बरं" ऐकायला थांबले. ते आलं नाही. फोन ठेवल्याचा आवाजही आला नाही. पलीकडे कपबशी वाजली, बाल्कनीचं दार सरकवल्याचा आवाज आला, तुझ्या झाडांवर पाणी पडत असावं. ते काही बोलत नव्हते. काचेआडून माझा साहेब मला आत यायच्या खुणा करत होता. मी त्याला हातानंच सांगितलं, तुम्ही करा सुरू, आणि जिन्याच्या पायरीवर बसले.

जिंकलीस, ताई. दोन तास तर दोन तास.